आप्पांच्या वतीने

वाल्मीक मौले आणि मी एकाच पाटाच्या पाण्यावर वाढलो. मखमलाबादच्या पुढं आमचे मळे बांधाला बांध लागून आहेत. त्यांच्याकडं गुलछडी आणि मेथी, आमच्याकडं शेवंती आणि कोथिंबीर. दोघांचा माल एकाच टेम्पोतून पंचवटीच्या बाजारात जायचा. कॉलेजातही आम्ही बरोबरच होतो. मी दोन वर्षांत बाहेर पडलो, वाल्मीक मराठी घेऊन बी.ए. झाला. वक्तृत्व स्पर्धेत तो उभा राहिला की बाकीची मुलं दुसऱ्या नंबरासाठी भांडायची. त्याला प्राध्यापक व्हायचं होतं. पण एम.ए.च्या पहिल्याच वर्षी वडील गेले, पाठची दोन भावंडं लहान होती, आणि तो गुलछडीच्या वाफ्यात उतरला.

नव्वदच्या निवडणुकीत आमच्या भागातून केदूआप्पांना तिकीट मिळालं. आप्पा बाजारातले आडते. माणूस गोतावळ्याचा, अडीअडचणीला धावणारा, पण चार लोकांपुढं बोलायची वेळ आली की त्यांची बोबडी वळायची. गिरणाऱ्याच्या आठवडे बाजारात पहिली सभा होती. आप्पांनी माइक हातात घेतला, "मी तुमचाच हाय," एवढं म्हणाले आणि थांबले. लोक हसायला लागले. वाल्मीक तिथं मेथी विकायला आला होता. तो सरळ टेबलावर चढला, आप्पांच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, "ज्याला बोलता येतं तो निवडून गेला की आपल्याला विसरतो. हा माणूस बोलत नाही, म्हणून मी याला मत देणार आहे." बाजार गप्प झाला. मग टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून निकालापर्यंत वाल्मीकनं मळ्यात पाऊल टाकलं नाही.

आप्पा आमदार झाले. द्वारकेला एका टायरच्या दुकानावर दोन खोल्या घेऊन त्यांनी संपर्क कार्यालय उघडलं आणि वाल्मीकला तिथं बसवलं. "वाल्मीक, माझं तोंड तू हायेस," आप्पा म्हणाले. "झेडपीची इलेक्शन येऊ दे, तुझं बघतो मी."

काम काय होतं? शिफारसपत्रं लिहायची, विधानसभेतले प्रश्न लिहून द्यायचे, आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे दशक्रिया. आमच्याकडं दहाव्याला पुढाऱ्यानं श्रद्धांजली वाहिली नाही तर घरच्यांना चुकल्यासारखं वाटतं. सकाळी आठ ते दहामध्ये कधी तीन तीन दहावे असायचे. एक रामकुंडावर, एक गंगापूरला, एक कुठं तरी ओढ्याच्या काठी. आप्पा एकाला जायचे, उरलेल्या दोन ठिकाणी वाल्मीक. पिंडाजवळ माणसं कावळ्याची वाट बघत उभी असायची आणि वाल्मीक बोलायला लागायचा : "आमदार केदूआप्पांच्या वतीने..." गेलेल्या माणसाला त्यानं आयुष्यात पाहिलेलंही नसायचं. वाटेत गाडीत कुणाला तरी चार गोष्टी विचारून घ्यायचा. म्हाताऱ्यानं विहीर कशी खोदली, म्हातारीनं सुना कशा सांभाळल्या. तेवढ्यावर तो असं बोलायचा की सख्खी लेकरं नव्यानं रडायची.

यात लबाडी नव्हती, हे मी मुद्दाम सांगतो. एकदा रामकुंडावर एका हमालाची बायको, कुसाबाई तिचं नाव, त्याच्या पाया पडायला आली. म्हणाली, "माझा नवरा एवढा मोठा होता हे मला आज कळलं, दादा." त्या दिवशी वाल्मीक मला म्हणाला होता, "भारत, प्राध्यापक झालो असतो तर हे कुठं मिळालं असतं?"

झेडपीची निवडणूक आली. पहिल्या वेळी गट महिलांसाठी राखीव निघाला. दुसऱ्या वेळी तिकीट आप्पांच्या पुतण्याला गेलं. "पोरगं ऐकंना रे," आप्पा म्हणाले. "तुझं पुढच्या टायमाला नक्की." वाल्मीकच्या बायकोनं, वत्सलावहिनींनी, त्या संध्याकाळी माझ्यासमोर त्याला विचारलं, "तुम्हाला राग तरी येतो का हो?" तो म्हणाला, "आप्पांची अडचण होती." वहिनी आत गेल्या. आप्पांनी तोवर एकदा पक्ष बदलला होता, पुढं आणखी एकदा बदलला. वाल्मीकनं दोन्ही वेळा त्याची कारणं लोकांना इतकी छान समजावून सांगितली की मलाही पटली.

तिकिटाच्या बदल्यात त्याला एक पद मिळालं. आप्पांच्या मतदारसंघाच्या पार टोकाला, सुरगाण्याकडच्या डोंगरात, त्यांच्या संस्थेनं आश्रमशाळा काढली होती. वाल्मीकला संस्थेचा सचिव केलं. तो वर्षातून दोनदा, झेंडावंदनाला, तिथं जायचा. परत आला की त्या मुलांविषयी भरभरून बोलायचा. आईबाप द्राक्षाच्या कामाला खाली उतरतात, ही लेकरं मागं राहून शिकतात, आपण काहीतरी करतोय. त्याची मुलगी शुभांगी तेव्हा सहावी-सातवीत होती. तिची जुनी पुस्तकं तो पिशवीत भरून न्यायचा.

दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये आप्पांच्या साठीचा सत्कार ठरला. नाशिकमध्ये मोठा हॉल, बाहेरून पाहुणे, आणि स्वागताला आश्रमशाळेच्या मुलांचं नृत्य. ही कल्पना वाल्मीकचीच. बुधवारी मुख्याध्यापक शाळेच्या जीपमधून मुलांना घेऊन द्वारकेच्या कार्यालयात आले. जिना चढता चढताच ते म्हणाले, "सचिवसाहेब, मुलं उतरवून जीप लगेच परत नेतो. एक मुलगी तापलीये. उलट्या पण होतायत. अधीक्षिका रजेवर आहेत, आणि पावसात दुसरी गाडी मिळत नाही तिकडं."

वाल्मीक पाहुण्यांच्या याद्या करत होता. त्यानं मान वर करून विचारलं, "फार आहे का?"

"तापच आहे, पण..."

"मग गोळी द्या म्हणावं. उद्याचा एक दिवस. पाहुण्यांना आणायला गाडी कमी पडतेय. परवा सकाळी जीप तुमच्या दारात."

गुरुवारी सत्कार झाला. शुक्रवारी दोन पाहुण्यांना त्र्यंबकला जायचं निघालं, मग तिथून वणीला. जीप शनिवारी दुपारी मोकळी झाली.

शनिवारीच सकाळी पल्लवी भोये, इयत्ता सहावी, वारली. ताप उतरत नाही म्हटल्यावर शाळेच्या स्वयंपाक्यानं तिच्या पाड्यावर निरोप धाडला. तिचा बाप यादव आणि आणखी तिघं आले. त्यांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली आणि पावसात डांबरी रस्त्याकडं चालत निघाले. ओहोळाला जीप निघेल पण डोली निघणार नाही एवढं पाणी होतं, ते उतरायची वाट बघत बराच वेळ गेला. पलीकडं पोचले तेव्हा पोर हलत नव्हती. ते पुढं दवाखान्याकडं गेलेच नाहीत. तिथूनच माघारी फिरले आणि तिला शाळेच्या फाटकाशी आणून ठेवलं.

बातमी नाशिकला आली. आप्पा घाबरले. "दोनशे माणूस जमलंय म्हणतात," ते वाल्मीकला म्हणाले. "पोलीस, पेपरवाले यायच्या आत मिटलं पाहिजे. तू जा. दुसऱ्या कुणाला जमायचं नाय हे."

तो त्याच जीपमधून गेला.

पुढचं त्यानं मला सांगितलं ते असं. फाटकाशी माणसं गप्प उभी होती. आरडाओरडा असता तर बरं वाटलं असतं, तो म्हणाला. घोंगडीतून पोरीचे पाय बाहेर आले होते, आणि तिची आई, भागीबाई, ते सारखे झाकत होती. यादव एवढंच म्हणत होता, "कागूद करा. कशानं गेली त्याचा कागूद करा. तवर उचलायची नाय." वाल्मीक फाटकाजवळच्या ओट्यावर चढला आणि पावसातच बोलायला लागला. ही माझी मुलगी होती, तो म्हणाला. माझ्या घरी एवढीच एक आहे. आज मी तिच्याकडं कोणत्या तोंडानं बघू? बोलता बोलता तो खरंच रडला. मग म्हणाला, पोरीला असं पावसात ठेवू नका, तिला मातीत जाऊ द्या. पाड्यापर्यंत रस्ता आणि ओहोळावर मोरी, हे मी तुम्हाला देतो. आप्पांच्या वतीने देतो. तिच्या भावाचं शिक्षण आमच्याकडं.

पाव तास बोलला असेल. आधी बायका रडायला लागल्या, मग पुरुष. म्हातारे यादवला समजावू लागले. भागीबाई उठली, ओट्यापाशी आली आणि दोन्ही हातांनी तिनं वाल्मीकचा हात धरला. तासाभरात पोरीला उचलून नेलं. तिला पुरलं. कागद झाला नाही. शवविच्छेदनही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या मळ्यात आला. मी शेवंतीला पाणी देत होतो. "भारत," तो म्हणाला, "काल मी आयुष्यात सगळ्यात चांगलं बोललो." आणि बांधावर बसून भडाभडा ओकला. मग त्यानं जीपचं सांगितलं. मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणालो, "तुला काय माहीत होतं, असं होईल ते." तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं, हे मला नंतर कळलं.

यादव मात्र गप्प बसला नाही. त्यानं कुणाकडून तरी अर्ज लिहून घेतला आणि पुढच्या वर्षी चौकशी लागली. चौकशी अधिकारी सुरगाण्याला येणार त्याच्या चार दिवस आधी नवरा-बायको एस.टी.नं नाशिकला आले आणि विचारत विचारत द्वारकेला पोचले. त्या दिवशी मी कार्यालयातच होतो. यादव दाराशी उभा राहिला. भागीबाई आत आली आणि टेबलासमोर खाली बसली.

"ताई, खुर्चीवर बसा," वाल्मीक म्हणाला.

"हितंच बरी हाय. सायेब, मास्तर म्हणतो, जीप मोडली होती. तुमी शाळंचे मोठे. जीप कुठं होती तं सांगा त्या सायबाला. आमी आणखी काय नाय मागत."

वाल्मीकनं पाणी मागवलं. पाणी आलं, तो पेला त्यानं तिच्यासमोर ठेवला. मग म्हणाला, "बघतो मी, ताई." ती उठली. जाताना तिनं पदराची गाठ सोडून नागलीच्या पिठाची पुरचुंडी टेबलावर ठेवली. घरी न्या म्हणाली, पोरीला भाकर करून घाला.

संध्याकाळी आप्पा आले. त्यांनी धमकी दिली नाही, त्यांना ते कधी जमलंच नाही. ते म्हणाले, "वाल्मीक, संस्था बंद पडली तर चारशे पोरं डोंगरात परत जातील. तू खरं बोलशील, तुझं मन हलकं होईल. त्या चारशेंचं काय करायचं, ते पण मग तूच सांग."

वाल्मीकनं जबाब लिहून दिला : सदर दिवशी शाळेची जीप दुरुस्तीसाठी गॅरेजमध्ये होती. मुख्याध्यापकांनी तेच लिहिलं. मृत्यू आजारानं, कोणाचाही हलगर्जीपणा नाही, असा निष्कर्ष निघाला. महिन्याभरात वाल्मीक जिल्ह्याच्या एका समितीवर अशासकीय सदस्य झाला. घरावर पितळी पाटी लागली. वत्सलावहिनींनी ती पुसली नाही कधी. पहिल्या पावसाळ्यातच ती हिरवी पडली.

रस्त्याचं मात्र त्यानं मनापासून केलं. पत्रावर पत्र लिहिलं. आप्पांच्या नावानं विधानसभेत प्रश्न टाकला. उत्तर आलं : प्रस्ताव विचाराधीन आहे. दुसऱ्या वर्षी पुन्हा प्रश्न, तेच उत्तर. दोन हजार चारला आप्पा चौथ्यांदा निवडून आले. प्रचारात त्या ओहोळाच्या अलीकडं खडीचे चार ढीग पडले होते. निकालानंतर त्यातली निम्मी खडी कुणी तरी उचलून नेली. पल्लवीचा भाऊ मयूर आठवीतच शाळा सोडून बापाबरोबर द्राक्षाच्या कामाला लागला.

भागीबाई दर वर्षी यायची. दिवाळीनंतर डोंगरातली माणसं मजुरीला खाली उतरतात, तेव्हा एक दिवस ती द्वारकेला यायची. तक्रार नाही, रडणं नाही. "रस्त्याचं काय झालं, सायेब?" एवढंच विचारायची. पहिली दोन वर्षं वाल्मीकनं तिला फाइल उघडून पत्रं दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. ती शिक्क्यांवरून बोट फिरवायची. मग त्याला ते सोसेना. ती जिन्यावर दिसली की तो मागच्या दारानं टायरच्या दुकानात उतरायचा. शेवटच्या वेळी, दोन हजार सहा असेल, ती सकाळी आली आणि चार वाजेपर्यंत पायरीवर बसून राहिली. तो पलीकडच्या हॉटेलातून तिला बघत होता. पुढच्या वर्षी ती आली नाही.

त्याच सुमाराला गंगापूरच्या एका दहाव्याला तो बोलता बोलता थांबला. "आप्पांच्या वतीने" म्हणाला आणि पुढं शब्दच येईना. तसाच उभा राहिला. लोकांना वाटलं, भरून आलं. "मौले सर किती हळवे," म्हणून बायकांनी डोळ्यांना पदर लावला. त्यानंतर असं बऱ्याचदा व्हायला लागलं. आमंत्रणं कमी झाली नाहीत, उलट वाढली.

दोन हजार नऊला मतदारसंघांची फेररचना झाली. आप्पांचा मतदारसंघ तीन ठिकाणी वाटला गेला. पक्षानं तिकीट दिलं नाही म्हणून ते अपक्ष उभे राहिले आणि त्यांचं डिपॉझिट गेलं. एकोणीस वर्षांची आमदारकी एका दुपारी संपली. आठवड्यात कार्यालयाची पाटी उतरली. आप्पा पुण्याला मुलाकडं राहायला गेले. जाताना त्यांनी वाल्मीकला फोनही केला नाही. संस्था पुतण्याकडं गेली, आणि नव्या कार्यकारिणीत वाल्मीकचं नाव नव्हतं.

डिसेंबरात एका सकाळी तो आला. "भारत, मोटरसायकल काढ. सुरगाण्याला जायचंय."

 खडीच्या उरलेल्या ढिगांपाशी गाडी लावून आम्ही चालत ओहोळ ओलांडला. पाडा जवळजवळ रिकामा होता, सगळे कामावर खाली गेलेले. भागीबाई घरीच होती. पाय मोडून नीट जुळला नव्हता, म्हणून तिला मागं ठेवलं होतं. तिनं त्याला ओळखलं. "सायेब," म्हणाली आणि बसायला पोतं सरकवलं.

वाल्मीक बसला नाही. "ताई, जीप दुरुस्तीला नव्हती. नाशिकला होती. मुख्याध्यापक सांगत होते मुलगी आजारी आहे, तरी मीच ठेवून घेतली. आणि मी खोटं लिहून दिलं."

ती सुपात दाणे पाखडत होती. हात थांबला, पण चेहरा बदलला नाही. "ठावं हाय," ती म्हणाली. "डायव्हरनं तवाच सांगितलं. आमच्याच पाड्याचा हाय तो."

"तवाच? म्हणजे... तुम्ही नाशिकला आलात तेव्हाही?"

"हां. तुमच्या तोंडून यावं म्हणून आलो. आमचं कोण ऐकतं?"

"आणि मग दर वर्षी का येत होता माझ्याकडं?"

"रस्त्यापायी. तुमी बोललां होतां ना. पोर तं गेली. दुसऱ्या पोरी हायेत पाड्यावर." तिनं सूप बाजूला ठेवलं. "गेल्या सालात आणखी एक बाई गेली. बाळंतीण. तिथंच, ओहोळापाशी."

वाल्मीक खाली बसला. मग म्हणाला, "मी आता लिहून देतो. सगळं खरं. पुन्हा चौकशी लावू आपण."

भागीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही, रागाची मी वाट बघत होतो. समजुतीनं, अडाण्याला सांगावं तसं ती म्हणाली, "सायेब, तुमचा आमदार पडला ना? आता तुमचं लिवलेलं कोण वाचंल?"

आम्ही निघालो तेव्हा तिनं पाणी दिलं. वाल्मीक ते प्यायला नाही, तांब्या हातात धरून उभा राहिला. मग मीच तो त्याच्या हातातून काढून घेतला.

घरी आल्यावर त्यानं सहा पानी अर्ज लिहिला आणि ज्या सरकारी कचेरीनं चौकशी केली होती तिथं दिला. जीप, तारखा, पाहुण्यांची नावं, स्वतःचं नाव, सगळं. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं : सदर प्रकरण यापूर्वीच निकाली काढण्यात आले असून आपण संस्थेचे पदाधिकारी नसल्याने आपल्या अर्जावर कार्यवाही करता येत नाही. त्यानं पुन्हा अर्ज केला. मुख्याध्यापकांना भेटायला गेला, तर ते निवृत्त होऊन गावी गेले होते; त्या गावी गेला, तर आतून निरोप आला की तब्येत बरी नाही. एका पेपरच्या कचेरीत गेला. तिथल्या मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण सर, आता यात नवीन काय आहे?"

आता तो दर सोमवारी त्या सरकारी कचेरीत अर्जाची चौकशी करायला जातो. बाकावर बसतो. कारकून ओळखीचा झालाय. तो सांगतो, साहेब दौऱ्यावर आहेत. वाल्मीक मान हलवतो आणि तरीही कचेरी सुटेपर्यंत बसतो. घरात बोलत नाही, मळ्यात बोलत नाही. परवा वत्सलावहिनी बांधापर्यंत आल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, शुभांगीचं लग्न ठरतंय. पाहुणे आले होते. हे समोर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तिला वाटतं, लग्न बाबांना मान्य नाही."

मी त्याच्याकडं गेलो. तो गुलछडीच्या वाफ्यात वाकून दांडे काढत होता. मी म्हणालो, "पोरीशी तरी बोल रे." तो सरळ झाला. काही बोलेल असं वाटलं. ओठ हलले सुद्धा. मग त्यानं काढलेले दांडे माझ्या हातात दिले आणि पुढच्या ओळीला वाकला.